नानांच्या घागरीचा मांडा

मायच्या हातांवरून मांडा घसरला आणि थेट चुलीपुढच्या राखेत पडला. परसात बसलेल्या सगळ्या बायांचे हात थांबले.

लग्न शेजारच्या द्वारकाकाकूंच्या नातवाचं होतं. पांझरेकाठच्या आमच्या त्या गावात लग्न कुणाचंही असो, खापरावर बसायला बनाबाईच लागायची. बनाबाई म्हणजे माझी माय. चुलीवर मातीचं खापर उपडं घालायचं, पुरण भरलेला उंडा जरासा लाटायचा, मग तो दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झेलत वाढवत न्यायचा. कोपरापर्यंत पोचला की अलगद खापरावर पसरायचा. माय हे सगळं करता करता एखादीशी भांडणसुद्धा करायची. तिचा मांडा फाटलेला कुणी पाहिला नव्हता. पडलेला तर नाहीच.

"व्हस कधी कधी," माय हसून म्हणाली. "दुसरा उंडा दे."

दुसरा मांडा अर्धा वाढला आणि तिचे हात खाली आले. तिने ते खाली आणले नाहीत, ते आपले आपण आले. मी समोर बसून पुरणाचे गोळे करत होते, मी नीट पाहिलं. तिने मांडा परातीत ठेवून दिला, पदराने कपाळ पुसलं आणि काकूंना म्हणाली, "आते तू बस."

काकू बसल्या, पण बसता बसता माझ्या कानाशी लागल्या. "नवरा गया नं, हातना जोर बी संगे लई गया."

नाना, म्हणजे माझे वडील, दिवाळीच्या तोंडावर गेले होते. धुळ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होते, तिथेच गेले. त्या दुःखाने बाईचे हात गेले, असं गावाने ठरवून टाकलं. असलं काही ऐकायला बरंही वाटतं. मलाही तेच खरं वाटलं आणि मी लग्न आटोपून माझ्या शाळेवर परत गेले. मी तेव्हा नंदुरबारकडे शिकवत होते.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी पुन्हा गावी आले. अजून पिशवी खाली ठेवली नव्हती तोच रंजना समोर आली. रंजना माझी भावजय, धाकट्या भावाची, हिरामणची बायको. तिचं माहेर सिन्नरचं. बोलायला फटकळ, आणि फटकळपणात मी कुणाला हार जाणारी नाही, त्यामुळे आमचं जमायचं ते तेवढ्यास तेवढं.

"ताई, आलात ते बरं झालं. आता तुम्हीच बघा."

"काय बघू?"

"आत्याबाईंचं. सकाळी उठून पाणी शेंदतात, अंगण झाडतात, मी नको म्हणते तरी ऐकत नाहीत. आणि दुपारी म्हटलं, जरा पिंकीला कडेवर घ्या, मी भाकरी टाकून घेते, तर म्हणतात हात उचलत नाही. सकाळी उचलतो आणि दुपारी उचलत नाही? असं कुठं दुखणं असतं का? मी काही बोलले की मी वाईट."

"म्हणजे माय नाटक करते?"

"नाटक मी म्हटलं नाही. तुम्ही म्हटलात."

मी आणखी काहीतरी बोलणार होते, पण ओसरीवरच्या खाटेवरून मायचा आवाज आला. आवाज नाकातून येत होता, सर्दी झाल्यावर येतो तसा.

"मालू, भांडू नको तिनासंगे. ती खरं सांगस. सकायले हात मन्हा ऱ्हातस. दुपारले परका व्हई जातस."

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. पहिले दोन घास तिने नीट खाल्ले. नंतर चावणं हळू झालं, मग थांबलं. घास तोंडात तसाच होता. तिने डाव्या हाताची मूठ हनुवटीखाली लावली आणि जबडा खालून ढकलत घास संपवला. डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती. बारीक अंगाची बाई होती, पण जेवायला कधी लाजली नव्हती. मला भीती वाटली.

"उद्या धुळ्याला जाऊ," मी म्हटलं.

"जाऊ," ती म्हणाली. एवढ्या सहजासहजी ती कधीच कबूल व्हायची नाही, मला नवल वाटलं. मग पाणी पिऊन झाल्यावर तिने खरं कारण सांगितलं. "आखाजी जोडे उनी. तुन्हा नानानी पहिली घागर. तोपावत हात नीट व्हवाले पाहिजेत."

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितर उंबऱ्याशी येऊन उभे राहतात. त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज नि आंबे ठेवायचे, पुढे मांडा आणि आमरसाचं ताट वाढायचं. गेलेल्या माणसाची पहिली घागर तर फार मोठी गोष्ट. ती चुकली तर माणूस उंबऱ्यावरून उपाशी परत जातो, असं समजतात.

"काकू करतील मांडा," मी म्हटलं. "नानांना काय, कुणाच्याही हातचा चालेल."

"नही चालाव," माय म्हणाली. "मन्हाच हातना व्हई. आणि मास्तरीणबाई, तू माले शिकाडू नको."

मी शाळेतली भाषा बोलायला लागले की ती मला मास्तरीणबाई म्हणायची.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मायला दोन्ही हात समोर धरून ठेवायला सांगितलं. हात थोडा वेळ राहिले, मग कापत कापत मांडीवर आले. मग छताकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता मायची पापणी उतरत गेली आणि डोळा झाकला गेला. बाईंनी सिस्टरकडून हातमोज्यात बर्फ भरून आणवला आणि तो त्या झाकल्या डोळ्यावर धरून ठेवला. बर्फ बाजूला केला तर डोळा उघडा होता. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

"कधीपासून होतंय, मावशी?"

"दिवायीपाईन," माय म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "नही. दिवायीना आगोदर."

मला वाटलं, तिचा काहीतरी घोळ होतोय. नाना तर दिवाळीला गेले.

"वय झालं, घरात दुःख झालं, असं म्हणून लोक अशा माणसाला महिनोन्‌महिने घरी बसवून ठेवतात," बाई मला म्हणाल्या. "हे दुःखाने झालेलं नाही, आणि नुसत्या वयानेही नाही. मायस्थेनिया म्हणतात याला. उतारवयातसुद्धा होतो. यांचे स्नायू चांगले आहेत. मेंदू हाताला सांगतो, उचल. ते सांगणं नसेतून निघतं आणि पार स्नायूच्या दारापर्यंत येतं. पण तिथे त्याला आत घेतलं जात नाही. सुरुवातीला थोडं जातं, मग कमी होत होत थांबतं. विसावा घेतला की परत थोडं जायला लागतं. गारव्यात बरं चालतं. ऊन, चूल, तापलेली खोली, यात बिघडतं."

मी मान हलवत होते. माय मात्र बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिने एकच गोष्ट विचारली.

"बाई, म्हणजे मन्हा मनमा काही कमी नव्हतं ना?"

बाईंना अहिराणी कळत असावी, किंवा नसेल कळत, पण प्रश्न कळला. त्यांनी मायचा हात हातात घेतला. "नाही मावशी. तुमचं मन सांगत होतं. हातापर्यंत ते पोचलं नाही, एवढंच."

माय रडायला लागली. नाना गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तोंड पदरात घालून, खांदे हलवत रडत राहिली, आणि मी वेड्यासारखी तिला समजावत राहिले की यावर औषध आहे, घाबरू नकोस. ती घाबरली नव्हती. पण ते मला कळायला अजून अवकाश होता.

बाईंनी मला बाहेर बोलावलं. "यांना आजच दाखल करा. गिळायला त्रास व्हायला लागलाय. श्वासाचे स्नायूही असेच चालतात. तिथे अडलं तर वेळ मिळत नाही."

मी मायला सांगितलं, समजावलं, शेवटी रागावले. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "आखाजी व्हई जाऊ दे." डॉक्टरीणबाईही रागावल्या, मग गोळ्या लिहून दिल्या. वेळच्या वेळी द्यायच्या, चुलीपुढे अजिबात बसू द्यायचं नाही, आखाजी झाली की त्याच दिवशी घेऊन यायचं, असं दहादा बजावलं. परतीच्या एसटीत मायने पहिली गोळी घेतली. अर्ध्या वाटेत तिने एसटीची जाम झालेली खिडकी स्वतः ओढून उघडली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तिला इतकं खूश मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

हिरामणला सगळं सांगितलं, तो ऐकून मळ्यात निघून गेला. माझा हा भाऊ मुळातच थंड माणूस. बैल उधळला तरी सावकाश उठणारा. पण दुसऱ्या दिवशी त्याने फडताळावरचं खापर उचललं आणि द्वारकाकाकूंकडे नेऊन ठेवलं.

"खापर मी काकूकडे ठेई उनू. विषय संपना," तो ओसरीवर येऊन म्हणाला. मग मला बाजूला घेतलं. "ताई, तिले खापरजोडे बसू देवानं नही. काही व्हयनं तरी. तू ध्यान ठेव."

"अरे, हो. मलाही कळतं."

"नही, तू माले शबूद दे."

मी शब्द दिला. एवढा हटून तो कधी बोलत नसे. डॉक्टरांचं ऐकून भ्यालाय, असं मी धरून चालले.

माय भांडली नाही. उलट त्या दिवसापासून ती खाटेवरून हललीच नाही. सकाळचं पाणी शेंदणं बंद, अंगण झाडणं बंद. बोलणंसुद्धा बंद. काही हवं असेल तर बोटाने दाखवायची. भाकरी सोडून पेज प्यायला लागली, चावायला नको म्हणून. रंजना म्हणाली, "आत्याबाईंनी हाय खाल्ली." मलाही वाटलं, हिने नाद सोडला. आखाजीच्या आदल्या दिवशी तर तिला पाणीही धड गिळता येईना. गोळी दिली होती तरी असं का, हे कळेना. घागर पुजली की लगेच धुळ्याला न्यायचं म्हणून हिरामणने जीप सांगून ठेवली.

आखाजीच्या दिवशी फटफटायला लागलं होतं तेव्हा मला परसातून धप धप असा आवाज ऐकू आला. हिरामण मळ्यात आंबे उतरवायला गेला होता. मी उठून परसात गेले. माय परातीशी बसली होती आणि कणीक तिंबत होती. उंच उचलून परातीत आपटत होती, पूर्वी आपटायची तशी.

"माय! काय चाललंय तुझं?"

"दखी नही ऱ्हायनी का?" तिचा आवाज स्वच्छ होता.

तिने पदराची गाठ सोडली. त्यात दोन गोळ्या होत्या. दोन्ही तोंडात टाकून तिने वर पाणी प्यायलं.

"दोन? अगं, एकच घ्यायची!"

"एक कालदिननी शे," ती म्हणाली. "सणसाठे ठेयेल व्हती."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चांगला गहू ती आखाजीसाठी डब्यात राखून ठेवायची, तसा तिने इतके दिवस अंगातला जोर राखून ठेवला होता. बोलायचा, चावायचा, चालायचा. आणि कालची गोळीसुद्धा तोंडात धरून माझी पाठ वळल्यावर काढून ठेवली होती. मी तिचा हात धरला. "ऊठ. हिरामणला मी शब्द दिलाय."

"बस आठे," ती म्हणाली. "तुले एक गोष्ट सांगस. मंग तुले जे वाटी ते कर."

मी तिच्याजवळ बसले. ती बोलली ते फार नव्हतं. बोलून झाल्यावर तिने माझ्याकडून वचन घेतलं की यातलं हिरामणला काही कळता कामा नये. मी वचन दिलं. एका आठवड्यात दोन वचनं, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येणारी. मग मी चपला घातल्या आणि बर्फ आणायला गेले.

एसटी स्टँडवरचे सोडावाले मुनाफभाई घरीच सापडले. त्यांनी भुशातून लादी काढली, तरटात गुंडाळून दिली. "इतक्या सकाळी? रस थंडा करायचा का?" मी हो म्हटलं.

घरी आले तर चूल पेटली होती आणि खापर चुलीवर उपडं बसलं होतं. रंजना फुंकणीने जाळ करत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"माझ्याकडं असं बघू नका," ती म्हणाली. "आत्याबाईंनी हाक मारून सांगितलं, खापर आण. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं."

आम्ही दोघींनी जुन्या धोतराच्या पट्ट्या बर्फाच्या पाण्यात भिजवल्या आणि मायच्या हातांना मनगटापासून दंडापर्यंत गुंडाळल्या. एक तुकडा फडक्यात बांधून मानेवर धरला. तिचे दात वाजायला लागले तरी ती बसून राहिली. मग पट्ट्या काढल्या, हात कोरडे केले, पिठी लावली. तिने उंडा लाटला, उचलला आणि हातांवर घेतला.

तो मांडा मी विसरणार नाही. या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर, सावकाश, एकही झेल वाया न घालवता. तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि डोळे मांड्यावर होते. तो कोपरापर्यंत आला, आरपार उजेड दिसेल इतका पातळ झाला, आणि तिने तो खापरावर पसरला. कड दुमडली नाही. रंजनाने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"आते तू," माय तिला म्हणाली.

"मला नाही येत, आत्याबाई. आमच्याकडं पोळी पाटावर लाटतात."

"तेच तर. बस."

रंजना बसली. तिचा मांडा दुसऱ्याच झेलाला फाटला आणि पुरण तिच्या कोपरावरून ओघळलं. माय हसली. हसताना तिच्या तोंडाचा एकच कोपरा वर गेला, दुसरा गेला नाही.

हिरामण आंब्यांची पाटी घेऊन आला तेव्हा मांडा ताटात होता. असला मांडा गावात एकाच बाईच्या हातचा असतो, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने मायकडे पाहिलं नाही, रंजनाकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. मग पाटी खाली ठेवली आणि उंबरा धुवायला घेतला.

घागर मांडली. त्याने नानांचं नाव घेऊन उंबऱ्यावर पाणी सोडलं. निखाऱ्यावर तूप आणि मांड्याचा तुकडा टाकला, धूर झाला. माय भिंतीला टेकून बसली होती. तिला हात जोडायचे होते, पण ते मांडीवरून उठेनात. रंजनाने ते उचलले, एकमेकांना लावले आणि धूर विरेपर्यंत धरून ठेवले.

दुपारी तिचा श्वास वर वर व्हायला लागला. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे झाकलेले होते, पण तिला सगळं कळत होतं, कारण मी काही विचारलं की ती माझं बोट किंचित दाबायची. धुळे यायच्या आधी तिने बोट दाबणं थांबवलं. दवाखान्यात नळी घातली, यंत्र लावलं. नानांचं वर्ष व्हायच्या आत, वर्ष कसलं, आंब्याचा हंगाम संपायच्या आत ती गेली.

मांड्यामुळे झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. मांड्यामुळे नाही, असंही म्हणाल्या नाहीत. हिरामण मात्र दवाखान्याच्या जिन्यात माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तू बर्फ लई उनी, ताई. तू." नंतर त्याने तो विषय कधी काढला नाही, आणि माझ्याशी पोटातून असं कधी बोललाही नाही. ये, बस, पाणी घे, एवढंच.

मला पश्चात्ताप झाला का, असं कुणी विचारलं तर मी सांगते, नाही. तिने त्या पहाटे सांगितलं ते पुन्हा कुणी मला सांगितलं तर मी पुन्हा चपला घालून बर्फ आणायला जाईन. पण भाऊ तुटल्याचं दुःख होतं. ते फार होतं.

त्यानंतर दर आखाजीला आमच्या घरात दोन घागरी मांडतात. मांडे रंजना करते. आता लग्नकार्यात गाव तिलाच बोलावतं, आणि खापरावर बसली की ती अगदी मायसारखी ऐट करते. मी दर वर्षी येताना मुनाफभाईंकडून बर्फ घेऊन येते. विचारलं तर रस थंड करायला म्हणून सांगते. मी बर्फ घेऊन दारात आले की हिरामण उठून मळ्यात जायचा.

गेल्या आखाजीच्या आदल्या दिवशी माझी एसटी वाटेत बंद पडली. रात्री पोचले तेव्हा स्टँडवरचं दुकान बंद झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रिकाम्या हाताने घरी आले. सकाळी उठून परसात गेले तर भिंतीच्या सावलीला ओलं तरट होतं आणि त्यात बर्फाची लादी.

"मी नाही आणला," रंजना कणीक तिंबता तिंबता म्हणाली. "यांनी आणला. पहाटे जाऊन."

हिरामण उंबऱ्याशी बसला होता. त्याचे केस आता पार पांढरे झालेत. मी त्याच्या शेजारी टेकले. तांब्यातल्या पाण्याकडे बघत त्याने विचारलं, "ताई, त्या पहाटले तिनी तुले काय सांगं व्हतं?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मायला दिलेलं वचन मला आठवत होतं. पण आम्ही दोघंही म्हातारे झालो होतो आणि तिला आता चाललं असतं, असं मला वाटलं. मी सांगितलं.

नाना दवाखान्यात होते तेव्हा एक दिवस त्यांनी मायकडे मांडा मागितला. जेवणावरची वासना गेलेल्या माणसाने इतक्या दिवसांनी काहीतरी मागितलं होतं. माय कपडे आणायला जाते म्हणून एसटीने घरी आली, एकटीने चूल पेटवली, खापर ठेवलं. मांडा हातावर घेतला आणि हात खाली आले. पुन्हा घेतला, पुन्हा आले. सगळी कणीक राखेत गेली. ती रिकाम्या हाताने परत गेली आणि नानांना खोटं सांगितलं की डॉक्टर नको म्हणतात. नाना म्हणाले, बरं, मंग घर जाईसन खाऊ. ते घरी आलेच नाहीत. त्या दिवसापासून मायच्या मनाने घेतलं होतं की हात उगीच खाली येत नाहीत. सेवा करून करून आपणच आतून कंटाळलो असू, नवऱ्याचं करावं असं आपल्याला आतून वाटलंच नसेल, म्हणून हातांनी ऐकलं नाही. हे पाप मनात धरून ती घरात वावरत होती. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मन सांगत होतं म्हटलं तेव्हा ती रडली, ती सुटली म्हणून.

"'मन व्हतं, मालू,' असं म्हणाली ती मला," मी हिरामणला सांगितलं. "'आते हातले एकदाव आयकाले लावसू.' आणि म्हणाली, हिरामणले सांगू नको. त्यानी बापले आपला हातवरी घास चारेल शे. त्याले वाटी, बाप भुक्या गया."

तांब्या हिरामणच्या हातात तसाच कलता होता आणि पाणी उंबऱ्यावरून खाली गळत होतं.

"नानाले माहित व्हतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

मग तो बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. माय दुपारी पेला दोन्ही हातांनी धरते, हे नाना खाटेवरून रोज बघत होते. ती त्या दिवशी परत आली तेव्हा तिच्या मनगटावर ताजा चटका होता आणि बांगड्यांमध्ये पीठ अडकलं होतं. नानांनी तिला ते दाखवून दिलं नाही. ती पाणी आणायला गेली तेव्हा त्यांनी हिरामणला जवळ बोलावलं.

"म्हने, तुन्ही माय थकनी रे. मांडा कराले गई, व्हयना नही, म्हनीसन खोटं बोलनी. तिले कळू देऊ नको माले समजनं ते. आणि..." हिरामणने तांब्या खाली ठेवला. "आणि म्हने, यापुढे तिले खापरजोडे बसू देऊ नको. माले मांडा नको. ती जोडे बसस, तेच माले खूप शे."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो लहान असताना रडायचा तसाच रडला, आवाज न करता. मीही रडले. मायने आणि नानांनी एकमेकांना सांभाळायला दोन खोट्या गोष्टी सांगितल्या, आणि आम्ही दोन मुलं त्या इतकी वर्षं वेगवेगळ्या सांभाळत बसलो. त्याने मला एवढं आधी सांगितलं असतं तर मी बर्फ आणला नसता. मी त्याला एवढं आधी सांगितलं असतं तर त्याने माझ्याशी अबोला धरला नसता. तिला मात्र कुणीच सांगू शकलं नाही की तिचा माणूस उपाशी गेला नव्हता.

आतून रंजनाने हाक मारली. दोन घागरी मांडून झाल्या होत्या आणि दोन घागरींपुढे दोन ताटं होती, दर वर्षी असतात तशी. हिरामणने तोंड धुतलं. नानांचं नाव घेऊन पाणी सोडलं, मायचं नाव घेऊन सोडलं. मग ताटांकडे बघून थांबला.

"एकच ताट ठेव," तो रंजनाला म्हणाला. "आते संगेच जेवतीन."

रंजनाने एका ताटातला मांडा उचलला आणि दुसऱ्या ताटात ठेवला.